लाकडी जमीन, घरातील
लाकडी जमीन, घरातील : घराच्या पक्क्या तळावर लाकडी पट्ट्या जोडून केलेला चालण्याचा पृष्ठभाग. बाजारात हिला वुडन फ्लोअरिंग म्हणतात. थंड हवेच्या देशांत ती पूर्वीपासून रूढ आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत तळमजल्याची जमीन सारवलेली किंवा दगडी असे आणि लाकूड वरच्या मजल्यांच्या कडीपाटासाठी वापरत. काँक्रीटच्या स्लॅबवर लाकूड बसवण्याची पद्धत येथे अलीकडची आहे.

कठीण लाकूड : साग, ओक, मॅपल, अक्रोड अशा रुंद पानांच्या द्विदलिकित वृक्षांचे लाकूड ‘कठीण’ आणि पाइन, देवदार अशा शंकुमंत वृक्षांचे ‘मऊ’ समजले जाते. हे वर्गीकरण वनस्पतिशास्त्रीय आहे. म्हणून नखाने ओरखडा उठणारे बाल्साही कठीण लाकडांत मोडते. प्रत्यक्ष कठिनता जांका कसोटीने ठरते. गेब्रिएल जांका यांनी १९०६ मध्ये सुचवलेल्या या कसोटीत ११.२८ मिमी. व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवण्यासाठी लागणारे बल मोजतात. ते अक्रोडासाठी सुमारे १,०१० पौंड, सागासाठी १,०७०, तांबड्या ओकसाठी १,२९०, कठीण मॅपलसाठी १,४५० आणि हिकरीसाठी १,८२० पौंड भरते. टाचांचे व फर्निचरच्या पायांचे खळगे कितपत पडतील, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. जमीन किती वर्षे टिकेल, हे मात्र त्यांवरून कळत नाही.

आर्द्रतेचा परिणाम : लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते. सुमारे २७° से. तापमानाला सापेक्ष आर्द्रता ३०% असल्यास त्याचा जलांश ६ टक्क्यांच्या आसपास, तर ८०% असल्यास १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. त्यानुसार पट्टी रुंदीत फुगते व आकसते. लांबीतील फरक नगण्य असतो. जलांश ५ टक्क्यांनी वाढला, तर तांबड्या ओकची १२५ मिमी. रुंदीची साधी कापलेली पट्टी सुमारे २.३ मिमी. फुगते, तेवढीच सागाची पट्टी सुमारे १.२ मिमी. म्हणजे जांका कसोटीत मागे पडणारा साग आकार टिकवण्यात ओकच्या पुढे आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांत मोठे अंतर पडते. कोकणपट्टीत हवा वर्षभर दमट असल्याने हे अंतर कमी राहते. अरुंद पट्ट्या आणि वार्षिक वलयांना काटकोनात कापलेले लाकूड यांत हालचाल कमी होते.

प्रकार : (१) भरीव पट्ट्या साधारण १८–२० मिमी. जाडीच्या असतात. त्या जीभ-खाच सांध्याने जोडतात आणि झिजल्यावर अनेकदा घासून नव्या करता येतात. (२) थरांच्या (इंजिनिअर्ड) पट्ट्यांत अस्सल लाकडाचा २ ते ६ मिमी. थर प्लायवूडसारख्या आडव्या-उभ्या थरांवर चिकटवलेला असतो. गुस्ताफ केअर या स्वीडिश कारखानदाराने १९४१ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आडवे-उभे थर एकमेकांची हालचाल रोखतात, त्यामुळे दमट हवेत व स्लॅबवर हा प्रकार अधिक भरवशाचा ठरतो. मात्र वरचा थर पातळ असेल, तर तो पुन्हा घासता येत नाही. (३) लॅमिनेट ही खरी लाकडी जमीन नव्हे. दाबून केलेल्या तंतुफलकावर लाकडाच्या छपाईचा कागद व संरक्षक थर एवढेच त्यात असते. ते स्वस्त व ओरखड्यांना चिवट असते, पण सांध्यांतून पाणी मुरल्यास फुगते आणि घासून दुरुस्त होत नाही.

बसवणी : नवा स्लॅब पूर्ण वाळण्यापूर्वी लाकूड बसवू नये. प्लॅस्टिकचा चौकोनी कागद चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आत थेंब जमल्यास ओल शिल्लक आहे. मात्र थेंब दिसले नाहीत, एवढ्यावरून स्लॅब कोरडा ठरत नाही. जलांशमापकाने खात्री करावी. तळमजल्यावर ओल अडवणारा थर अंथरावा, वाळवीचा बंदोबस्त आधीच करावा, पट्ट्या काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात आणि भिंतीलगत १०–१५ मिमी. फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. खालून ओल चढल्यास पट्ट्यांच्या कडा उचलल्या जाऊन मध्ये खोलगटपणा येतो.

सागाच्या गाभ्यातील तेल व टेक्टोक्विनोन वाळवीला रोखतात. बाहेरच्या पांढुरक्या लाकडात हा गुण नसतो. म्हणून सागाच्या पट्टीत पांढरा भाग किती आहे, हे पाहून घ्यावे. शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स या संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारावरील करारान्वये नियंत्रित आहे. आयात लाकूड घेताना वनप्रमाणपत्र मागावे.

निगा : व्हर्साय राजवाड्यात १६८४ मध्ये संगमरवराच्या जागी लाकडी पार्केट आले, कारण संगमरवर धुण्याचे पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत. लाकडी जमीन मुळात धुण्यासाठी नसते. तिच्यावरून कोरडा झाडू किंवा घट्ट पिळलेले फडके फिरवावे; बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याची रीत ज्या घरात सोडवत नाही, तिथे लाकडी जमीन घालू नये. न्हाणीघर, स्वयंपाकघरातील मोरी व पावसाची झड येणारी बाल्कनी यांसाठी ती अयोग्य आहे. निवड करताना आधी ओल, मग पट्टीचा प्रकार व रुंदी, त्यानंतर कठिनता आणि शेवटी रंग, हा क्रम ठेवावा.