बिअर नसलेला बिअर गेम

आज एका खेळाचा इतिहास. नाव आहे 'बिअर गेम'. पण यात बिअरचा एक थेंबही नसतो बरं का!

गोष्ट सुरू होते जे फॉरेस्टर या इंजिनिअरपासून. अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांनी व्हर्लविंड हा कॉम्प्युटर बांधण्याचं नेतृत्व केलं आणि १९५६ साली ते थेट तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये गेले. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या आमच्या कारखान्यांत कधी तीन-तीन पाळ्या चालतात, आणि काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसवावे लागतात. असं का?

फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवडा हिशोब मांडला. मागणी स्थिर धरली, तरी चढउतार येतच होते! म्हणजे दोष बाजाराचा नव्हता, ऑर्डर देण्याच्या पद्धतीचा होता.

आता हे विद्यार्थ्यांना पटवायचं कसं? नुसतं सांगितलं तर सगळे माना डोलावतात आणि विसरतात. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत हा खेळ तयार झाला. चार खेळाडू: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल पोचायला काही आठवडे लागतात. पडून राहिलेल्या मालाला दंड, माल कमी पडला तर दुप्पट दंड.

सुरुवातीला ग्राहक दर आठवड्याला ४ पेट्या मागतो. पाचव्या आठवड्यापासून ८. बस्स, एवढाच बदल. पण माल येईना म्हणून प्रत्येकजण घाबरून जास्त मागवतो. मग सगळा माल एकदम येऊन आदळतो आणि ऑर्डरी शून्यावर!

खरी मजा शेवटी येते. प्रत्येकाला विचारतात, "ग्राहकाची मागणी कशी होती? आलेख काढा." बहुतेकजण उंच लाटा काढतात. मग खरा आलेख समोर येतो: एक पायरी, पुढे सरळ रेष. आतापर्यंत "तुझ्यामुळे झालं" म्हणत भांडणारे गप्प होतात. यानंतर वर्गासमोर उभं राहून तो विद्यार्थी जे मांडतो, ते पाठ केलेल्या स्लाइड्समधून येत नाही. कारण ती चूक त्याने स्वतः केलेली असते.

आमच्या ऑफिसात डेडलाइन हुकली की आधी माणूस शोधतात. केंटकीतही जबाबदार एखादा माणूस नव्हता, आणि नोकऱ्या मात्र माणसांच्या गेल्या.