रेस्पिरेटरी थेरपिस्ट (बदलापूर परिसर)

श्वास अपुरा पडणाऱ्या रुग्णाला ऑक्सिजन, नेब्युलायझर, बायपॅप किंवा व्हेंटिलेटरचा आधार देणारा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा प्रशिक्षित आरोग्य-व्यावसायिक. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी (रक्तातील वायूंची) तपासणी करणे, श्वासनलिकेत घातलेल्या नळीतला कफ सक्शनने काढणे, व्हेंटिलेटरची सेटिंग सांभाळणे ही त्याची रोजची कामे. खरे कसब लागते ते रुग्णाला यंत्रावरून उतरवताना : घाई केली तर नळी पुन्हा घालावी लागते, उशीर केला तर श्वासाचे स्नायू दुबळे होतात. १९५२च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आजचा अतिदक्षता विभाग त्या अनुभवातून आकाराला आला.

उल्हास नदीकाठचे बदलापूर गाव आणि स्टेशनालगतचे कुळगाव यांची मिळून एक नगरपरिषद आहे; शेजारी एमआयडीसीचे रासायनिक कारखाने. ३ जून २०२१च्या रात्री त्यांपैकी एका कारखान्यात वायुगळती झाली आणि आसपासच्या रहिवाशांना श्वास घेणे जड गेले. म्हणजे इथे रेस्पिरेटरी थेरपिस्टची गरज केवळ अतिदक्षता विभागापुरती नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियेतील कामगारांची निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. अशा तपासणीत फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री नीट करून घेणे हेही याच विद्येतले काम, पण करिअरच्या गप्पांत त्याचे नाव क्वचितच निघते.

बारावी विज्ञान (भौतिक, रसायन, जीव) झाल्यावर बी.एस्सी.ची साधारण तीन वर्षे आणि त्यापुढे वर्षभर इंटर्नशिप, हा रूढ मार्ग. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला परिषद आणि नोंदणीची चौकट दिली. त्या कायद्यानुसार आरोग्यसेवा-व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र हीच कामे परिचारिका, भूलतंत्रज्ञ आणि रात्रपाळीचे निवासी डॉक्टर वाटून घेतात, त्यामुळे वेगळे पद सहसा मोठ्या रुग्णालयांतच निघते. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले; जवळ नोकरी मिळण्याची आशा आता तिथे धरता येईल. तोवर ठाणे-मुंबईची वाट. दुपारची पाळी रात्री उशिरा सुटते आणि मग शेवटच्या कर्जत लोकलचे वेळापत्रक पाठ असावे लागते.