जरीपटका ते कराची : अंतर आणि अवधी

नागपूरच्या झिरो माइल स्तंभावर हैदराबादचे अंतर कोरलेले आहे. ते हैदराबाद अर्थातच दख्खनचे. शहराच्या उत्तरेकडील जरीपटक्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात मात्र हैदराबाद म्हणजे सिंधमधले. मराठ्यांच्या भगव्या निशाणाचे नाव मिरवणारी ही वस्ती फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवली. एकाच गावनामाची दोन अंतरे एका शहरात नांदतात, हा निव्वळ योगायोग मानून पुढे जाता येत नाही.

नागपूर ते कराची हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे १३०० किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाला ते दोन तासांचे. परंतु दोन्ही देशांत आज थेट विमानसेवा नाही, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये दोघांनीही परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. मुंबई व दुबईमार्गे जायचे तर हेच अंतर सुमारे ३८०० किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि प्रवासाचा अवधी व्हिसा देणाऱ्याच्या मर्जीवर.

हे अंतर नेहमीच असे नव्हते. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. सिंधीच्या खुदाबादी लिपीला प्रमाण रूप देण्याच्या कामाशीही ते निगडित आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते त्याच दुपारी मुंबईला जुहूवर उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा आरंभबिंदू आज दुसऱ्या देशात आहे.

पंधरा वर्षांनी याच वाटेने माणसे आली, ती मात्र विमानाने क्वचितच. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर स्थलांतराला वेग आला. कुणी जहाजाने मुंबई गाठली, कुणी रेल्वेने मारवाडातून आले. पुढे छावण्या, आणि मग नेमून दिलेले गाव. या प्रवासाचा अवधी तासांत सांगता येत नाही. विलक्षण गोष्ट अशी की, १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरातच एकत्र येत आणि थैल्या बदलून परतत. देशाची पत्रे एका रात्रीत जोडणाऱ्या या शहरात नव्याने आलेल्यांची जुनी गावे मात्र दूर दूर जात होती.

मुनाबाव-खोखरापार रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली, २००६ मध्ये थार एक्स्प्रेस म्हणून पुन्हा धावली आणि २०१९ मध्ये थांबली. अवधी असा कमीजास्त होत राहिला. किलोमीटर तेवढेच राहिले.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. १९६७ मध्ये सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. प्रदेश नसलेल्या भाषेला राज्यघटनेने घर दिले. पण त्या भाषेतील नद्या, घाट आणि गल्ल्या सीमेपलीकडेच आहेत. स्थलांतरिताचे साहित्य वाचताना आपण ‘स्मरणरंजन’ हा शब्द फार सहज वापरतो. ज्या गावी परत जाता येते, त्याच्या आठवणीला तो शोभेल. दोन तासांवरचे गाव जेव्हा कायद्याने दुर्गम होते, तेव्हा आठवण हे रंजन उरत नाही. तेथे पोहोचण्याची तीच एक वाट असते.