केबलत्याग (बुलढाणा जिल्हा)

केबलचालकास दरमहा वर्गणी देऊन तारेवाटे दूरचित्रवाणी पाहण्याची पद्धत सोडून, एकीकडे छपरावर बसविलेल्या विनाशुल्क अँटेनावर आणि दुसरीकडे आंतरजालावरून चित्रपट, मालिका व सामने पुरविणाऱ्या ओटीटी सेवांवर विसंबून राहण्याचा जो प्रघात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून बुलढाणा जिल्ह्यात वाढत गेला, त्यास येथे केबलत्याग म्हटले आहे. हा प्रघात जगभर आढळतो. परंतु अमेरिकेत केबल सोडणारे कुटुंब जी अँटेना लावते ती जवळच्या शहरातील मनोऱ्याकडे रोखलेली असते, व १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण शक्तीची सर्व प्रक्षेपण केंद्रे अंकीय झाल्यापासून त्या साध्या अँटेनावरही निर्दोष चित्र विनामूल्य मिळते. बुलढाणा जिल्ह्यात मनोऱ्याकडे पाहणारी अँटेना इतिहासजमा झाली असून, येथे केबलची जागा घेणारी अँटेना म्हणजे आकाशातील उपग्रहाकडे तोंड करून बसविलेली ‘छत्री’ होय. हा भेद ध्यानात न घेतल्यास या स्थित्यंतराचे स्वरूप कळत नाही.

जिल्ह्याची भूरचनाही ध्यानात घेतली पाहिजे. ९,६६१ चौ. किमी. क्षेत्राच्या, तेरा तालुक्यांच्या व २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकसंख्येच्या या जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकव्यवहारात सर्वत्र मानले जातात. अजिंठ्याच्या रांगेवर व तिच्या दक्षिणेस बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा पठारी मुलूख आहे. खाली पूर्णेच्या काळ्या मातीच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही रेल्वेच्या वाटेवरची गावे आहेत, आणि त्याही उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्यास टेकले आहेत. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जाऊ पाहतात व डोंगर आडवा आला की क्षीण होतात. त्यामुळे घाट उतरताच चित्र बिघडावे हे येथे ओघानेच आले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी जिल्ह्याच्या दृष्टीने निर्णायक घटना म्हणजे ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेलेला इन्सॅट-१बी हा उपग्रह आणि त्याच्या आधारे १९८४ पासून देशभर उभारलेली लघुशक्ती सहक्षेपण केंद्रे. त्या काळातील अँटेना ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांची असे. लोखंडी पाइपाच्या टोकाशी ती बांधून पाइप टिनाच्या छपराला किंवा माळवदाच्या कठड्याला तारेने आवळीत, आणि वाऱ्याने तिची दिशा ढळली की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेने व तिच्या मागून आलेल्या ‘महाभारत’ मालिकेने ज्या घरी संच असेल तेथे रविवारी सकाळी अर्धी आळी जमविली.

१९९१ चे आखाती युद्ध, त्याच वर्षी आलेल्या परदेशी उपग्रहवाहिन्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही यांमुळे केबलचा धंदा देशात फोफावला. एखादा धडपड्या तरुण आपल्या गच्चीवर मोठ्या व्यासाची जाळीदार छत्री उभारी, विजेच्या खांबांवरून काळी तार ओढी, ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवी आणि महिन्याच्या आरंभी वही घेऊन वसुलीस निघे. या अनिर्बंध धंद्याला १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने कायद्याच्या चौकटीत आणले. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कचेरीत होई, करमणूक कराची वसुली जिल्हाधिकारी कचेरीच्या अखत्यारीत असे, आणि कायद्याचा भंग झाल्यास सामग्री जप्त करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी व उपविभागीय दंडाधिकारी यांना होता. १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्यावर मराठी कुटुंबाला केबल ही चैन न वाटता घरखर्चातील ठराविक बाब वाटू लागली.

केबल सोडण्याची कारणे तिच्या अंकीयीकरणात शोधावी लागतात. २०११ अखेर झालेल्या दुरुस्तीनुसार ते चार टप्प्यांत झाले. नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात व खेडी चौथ्या टप्प्यात येऊन ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत ठरली. प्रत्येक संचामागे सेट टॉप बॉक्स आला, तेव्हा एका तारेवर घरातील दोन संच चालविण्याची जुनी सोय गेली. पाठोपाठ १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती प्रत्यक्ष अमलात आली. तीनुसार शंभर वाहिन्यांच्या जोडणीस १३० रुपये व त्यावर १८ टक्के कर मिळून १५३ रुपये ४० पैसे इतकी रक्कम तेव्हा आधी मोजावी लागे आणि सशुल्क वाहिन्यांचे दाम निराळे असत. ग्राहकास हवी तीच वाहिनी घेता यावी हा या हुकमाचा हेतू स्तुत्य होता. तथापि ज्या घरी आजवर एकच ठोक रक्कम दिली जाई, तेथे वाहिन्यांची यादी करण्याचे नवे काम उपटले. सोयाबीन-कापसाच्या बाजारभावावर ज्यांचा वर्षाचा हिशेब बसतो त्यांना दरमहा न चुकता येणारे देणे किती जाचते, हे शहरात बसून दर ठरविणाऱ्यांच्या पुरेसे लक्षात आले नसावे, असे या लेखकाचे मत आहे. देशातील सशुल्क दूरचित्रवाणीची वर्गणीदार घरे २०१८ मध्ये सुमारे १५ कोटी होती, ती २०२४ पर्यंत सुमारे ११ कोटींवर आली असा या व्यवसायाचाच अंदाज आहे.

छत्रीचा पर्याय त्याआधीपासून सिद्ध होता. दूरदर्शन चालविणाऱ्या प्रसार भारतीने १६ डिसेंबर २००४ रोजी डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांची विनाशुल्क थेट उपग्रहसेवा सुरू केली. तीच पुढे डीडी फ्री डिश झाली आणि आज देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती पोहोचल्याचे मानले जाते. तिला दरमहा वर्गणी नाही व नोंदणीही नाही. छत्री, तिच्या दांड्यावरचा लहर टिपणारा एलएनबी, तार व बॉक्स एवढे साहित्य बाजारातून एकदा विकत घेतले की काम भागते. वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळे खासगी वाहिन्या येतात व जातात. मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या मार्च २०१९ मध्ये तीवरून काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या व एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या; अशा वेळी प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. दूरदर्शनची सह्याद्री ही वाहिनी मात्र तेथे कायम आहे.

छत्री बसविणे हे पाहण्यासारखे काम आहे. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६,००० किमी. उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर भासतो. बुलढाणा शहर त्याच्या बरेच पश्चिमेस असल्याने येथील प्रत्येक फ्री डिश आग्नेयेकडे तोंड करून असते, आणि उपग्रहाची उंची क्षितिजापासून सुमारे ५९ अंश भरते. छत्री स्वतः मात्र इतकी उताणी दिसत नाही, कारण तिचा आकार अंडाकृती व एलएनबी मध्यभागाच्या खाली असल्याने ती वरून येणारी लहर तिरपी झेलते. बसविणारा मिस्त्री आधी नट सैल ठेवतो, बॉक्समधील संकेताची पट्टी घरातल्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतो, छत्री बोटभर सरकवून थांबतो, पुन्हा सरकवतो, पट्टी चढली की एलएनबी किंचित पिळतो आणि मगच नट आवळतो. थोडीशी चूकही येथे चालत नाही. घाटाचा अडथळा या छत्रीला होत नाही, कारण इतक्या उंचावरून येणारी लहर डोंगराच्या माथ्यावरून सहज उतरते. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव आणि लोणारच्या सरोवराकाठचे घर तिच्यापुरते सारखेच. शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना, ज्यांच्यापर्यंत तार ओढणे केबलचालकास कधी परवडले नाही, दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने या छत्रीनेच दिली. त्यांच्या बाबतीत केबलत्याग झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी केबल पाहिलीच नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादा निसर्गाधीन आहेत. अतिशय सूक्ष्म लहरी वापरल्या जात असल्याने मृगाच्या दाट सरीत चित्राचे चौकोन पडतात व ते गोठते. आभाळ मोकळे झाले की आपोआप पूर्ववत होते. शिवाय मार्चच्या दुसऱ्या व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस, दुपारपूर्वी अकराच्या आसपास, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी येतो आणि काही मिनिटे संकेत त्याच्या तेजात बुडतो. अशा वेळी छत्री हलवू नये.

जमिनीवरील प्रक्षेपण या काळातच संपले. प्रसार भारतीने सीमावर्ती व मोक्याची सुमारे पन्नास केंद्रे वगळून उर्वरित सदृश (ॲनालॉग) प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरविले. त्याच्या जागी अंकीय भूपृष्ठीय प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातील ज्या सोळा शहरांत सुरू झाले, त्यांत औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) होते. परंतु ते बुलढाण्याहून सरळ रेषेत सुमारे ११० किमी. दूर असल्याने त्याचा लाभ या जिल्ह्यास व्यवहारतः झाला नाही.

आंतरजालाची बाजू ५ सप्टेंबर २०१६ पासून, म्हणजे जिओच्या स्वस्त डेटापासून, झपाट्याने बदलली. २०१५ मध्ये आलेले हॉटस्टार, २०१६ मधील नेटफ्लिक्स व प्राइम व्हिडिओ, २०१८ मधील झी५ आणि २०२१ मधील प्लॅनेट मराठी यांची नावे येथील तरुणांच्या तोंडी सहज असतात. २०२३ ची आयपीएल स्पर्धा भ्रमणध्वनीवर फुकट दाखविली गेली, तेव्हा पुष्कळांना केबलचे उरलेसुरले कारणही राहिले नाही. मात्र उच्च दर्जाचे चित्र ताशी दोन-तीन जीबी डेटा खाते, आणि दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर पूर्ण चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहणे शक्य होत नाही. म्हणून जिल्ह्यातील सर्वसाधारण घरात दोन्ही साधने नांदतात: भिंतीवरचा संच छत्रीवर चालतो आणि ज्याच्या-त्याच्या हातातला पडदा डेटावर. रात्री भारनियमनात संच बंद पडला तरी हातातला पडदा चालू राहतो. एकत्र पाहण्याची सवय यामुळे क्षीण झाली हे खरे असले, तरी शेतातून उशिरा परतणाऱ्या बाईला मालिकेचा चुकलेला भाग आपल्या सवडीने पाहता येतो, याचे मोल थोडे नाही.

केबल गेल्याने जे हरवले त्याची नोंद फारशी कोणी करीत नाही. तालुक्याच्या गावी केबलचालक स्वतःची स्थानिक वाहिनी चालवीत. गणेश विसर्जनाची मिरवणूक, शाळेचे संमेलन, नगरपालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी, बाजार समितीतील आवक असे जे राज्यस्तरीय वाहिन्यांच्या दृष्टीने क्षुल्लक, ते तीवर दिसे. मोठ्या वृत्तवाहिन्यांवर बुलढाणा जिल्हा ठराविक प्रसंगीच येतो: १२ जानेवारीस सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, शेगावचा प्रकटदिन, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भेंडवळची घटमांडणी, अथवा एखादी दुर्घटना. फ्री डिशवर देशभर त्याच वाहिन्या दिसतात. ओटीटीवर तर जिल्हा ही कल्पनाच नाही. युट्यूबवरील स्थानिक वार्तांकनाने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे, पण ते शोधणाऱ्यालाच सापडते.

तार मात्र जिल्ह्यातून गेली नाही. जे केबलचालक टिकले त्यांपैकी अनेकांनी समाक्ष तारेऐवजी प्रकाशतंतू ओढून घरोघर ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला, आणि ज्या घराने केबल तोडली तेच घर ओटीटीसाठी त्याच माणसाचे वर्गणीदार झाले. या बदलात जुन्या स्थानिक वाहिन्यांच्या ध्वनिचित्रफिती व चकत्या कपाटांत पडून आहेत. छापील पुस्तके व वृत्तपत्रे १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमान्वये राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. केबलवर दाखविलेल्या कार्यक्रमांस तो अधिनियम लागू नाही. बुरशी व उष्णता यांमुळे चुंबकीय फिती फार काळ टिकत नाहीत, तेव्हा जिल्हा ग्रंथालयाने अथवा एखाद्या महाविद्यालयाने त्या मागवून घेऊन त्यांच्या अंकीय प्रती लवकर करविणे अगत्याचे आहे.