तिकीट भांदकचं, गाव भद्रावती

पाहुण्यांना मी नेहमी बजावून सांगतो, तिकीट भांदकचं काढा. गाव भद्रावती, पण स्टेशनवरची पाटी भांदकची. एकदा आमच्या व्याह्यांनी नुसतं 'भद्रावती' म्हणून शोधलं, तर त्यांना कर्नाटकातलं, शिमोगा जिल्ह्यातलं स्टेशन सापडलं! तीही खरीच भद्रावती, आपली नव्हे एवढंच. इतिहासातही तीच गंमत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. ७७२ चा ताम्रपट 'भांदक ताम्रपट' म्हणूनच शोधावा लागतो.

हे सारं आठवलं ते पीएचपीमुळे. हसू नका मंडळी.

माझे एक सहकारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी वहीत टिपून ठेवीत. एका माजी विद्यार्थ्यानं त्यांना २०१४ साली छोटा प्रोग्राम करून दिला होता. कळ दाबली की देवनागरीत पीडीएफ पुस्तिका तयार. सहकारी गेले. वर्षश्राद्धाला पुस्तिका छापायचं ठरलं, तर नव्या सर्व्हरवर प्रोग्राम चालेना. पुण्याच्या नातवानं एमपीडीएफ ही लायब्ररी नव्यानं बसवली. तरी उत्तर एकच : 'क्लास सापडत नाही.' फाइल तर फोल्डरमध्ये समोर दिसत होती!

इथं थोडा इतिहास सांगतो, मास्तरकीची खोड आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी पीएचपी लिहायला घेतली. तेव्हा लागणारी प्रत्येक फाइल हातानं जोडावी लागे. जुलै २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीत 'ऑटोलोड' आलं. अनोळखी क्लासचं नाव दिसलं की पीएचपी एका ठरावीक फंक्शनला विचारणार, 'हा राहतो कुठं?' आणि ते फंक्शन फाइल उघडून देणार. अडचण अशी की हे फंक्शन साऱ्या प्रोग्रामात एकच असू शके. बाहेरची लायब्ररी आपलं ऑटोलोड घेऊन आली की एका गावात दोन पोस्टमास्तर, आणि कारभार ठप्प. २००५ च्या ५.१ आवृत्तीनं यावर तोड काढली : असे पत्ते सांगणारे हवे तितके नोंदवा, ते रांगेनं उत्तर देतील. जुनं फंक्शन मात्र नोव्हेंबर २०२० च्या ८.० पर्यंत तग धरून होतं.

दोन भद्रावतींचा घोळ सुटला २००९ मध्ये. ५.३ आवृत्तीत नेमस्पेस आलं, म्हणजे गावापुढे जिल्हा लिहिण्याची सोय. २०१२ मध्ये नील्स आडरमान आणि जॉर्डी बोज्जानो यांचं कंपोजर आलं, ते लायब्ऱ्या आणतं आणि पत्त्यांची वहीही तयार करून ठेवतं. डिसेंबर २०१३ च्या 'पीएसआर-४' नियमानं ठरवलं की नेमस्पेसवरून फोल्डर ओळखायचं आणि क्लासच्या नावावरून फाइल.

आमचा प्रोग्राम यातल्या जुन्या काळातला. एमपीडीएफनं २०१७ मध्ये सातव्या आवृत्तीत नेमस्पेस घेतलं. आम्ही मात्र जुन्याच एकेरी नावानं हाका मारत होतो, आणि कंपोजरची पत्त्यांची वही जोडायलाही विसरलो होतो. वही जोडली, नाव बदललं. नातवाच्या विंडोजवर पुस्तिका निघाली. सर्व्हरवर पुन्हा तेच, 'सापडत नाही'!

"आबा, एम कुठला लिहिला तुम्ही?"

लहान. फाइलच्या नावात तो मोठा होता. विंडोज तेवढं चालवून घेतं, लिनक्स घेत नाही. आमच्या बाराखडीत लहान-मोठं अक्षर नाही हो, नाहीतर माझ्या हातून ही चूक होती ना.

श्राद्धाच्या आदल्या रात्री पुस्तिका निघाली, जोडाक्षरांसकट. वहिनींनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. ती मूळ वहीतलीच होती. तशीच ठेवली.