पोलादावरची नाजूक जाळी

लेस म्हटली म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उशीच्या अभ्र्याची झालर किंवा क्रोशानें विणलेला रुमाल उभा राहील. या क्षुल्लक वाटणाऱ्या जाळीपायीं एके काळीं राजे आणि मंत्री चिंतेंत पडत, हें आज खरेंहि वाटणार नाहीं. व्हेनिसच्या लेसवर फ्रान्सचा पैसा परदेशीं जातो हें पाहून चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६५ मध्यें स्वदेशांतच राजाश्रयाचे कारखाने काढविले. नॉर्मंडींतील आलाँसाँ हें गांव त्यांतलेंच एक केंद्र. तेथील सुईच्या लेसच्या एका चौरस सेंटिमीटरास ७ तास लागतात, आणि ती विद्या पूर्णपणें हातीं येण्यास ७ ते १० वर्षें.

पुढें यंत्र आलें. १८०९ मध्यें जॉन हीथकोट या इंग्रजानें लेसची जाळी विणणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८१६ मध्यें लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर चालून आलेल्या जमावानें ५५ यंत्रें फोडलीं. हीथकोटनें गांव सोडलें; यंत्र मात्र टिकलें. श्रीमंतांची मिरास घरोघरीं पोंचली, हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या वेळामुळें लेसला मोल होतें, तो वेळच तिच्यांतून निघून गेला.

अलीकडील कांहीं कलावंत या जुन्या कलेकडे पुन्हा वळले आहेत. कॅनडाची शिल्पकार कॅल लेन ही फावडीं, हातगाडे व तेलाचीं पिंपें कापून त्यांवर लेसची नक्षी उतरविते. नेस्पून या टोपणनांवानें ओळखली जाणारी पोलंडची कलावती भिंतीच्या भिंती लेसच्या आकृतींनीं भरते. यंत्रावरील लेससाठीं प्रसिद्ध असलेल्या कॅले शहरींहि तिनें अशी आकृति रेखाटली आहे.

हा नुसता चमत्कार आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. लेस विणणाऱ्या बहुतेक बायका. पोटासाठीं डोळे शिणवीत त्या बसल्या, आणि इतिहासानें नांव लिहिलें तें लेस ल्यालेल्या राजाचें. वीतभर जाळींतले जे श्रम कोणीं पाहिले नाहींत, ते भिंतीएवढे झाल्यावर वाटसरूसहि थांबून पाहावे लागतात. हें थोडेंसें ऋण फेडणेंच होय.

तथापि एक भय उरतें. भिंतीवर आकृति राहील. टांका घालणारा हात राहील काय? २०१० मध्यें युनेस्कोनें आलाँसाँच्या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु अशी विद्या अखेर बोटांतच जगते. म्हणून पोलादाच्या लेसचें कौतुक करतांना आजीची क्रोशाची सुई नातीनें एकदां तरी हातीं घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.