पंखावरच्या रेघांचा भागाकार

मधमाशीचा पुढचा पंख उजेडात धरला की शिरांची जाळी दिसते. त्यातल्या एका खणाची खालची कड, मध्येच येऊन मिळणाऱ्या शिरेमुळे दोन तुकड्यांत विभागलेली असते. मोठ्या तुकड्याला छोट्याने भागायचं, झालं! याला म्हणतात क्युबिटल इंडेक्स. उत्तर-पश्चिम युरोपातल्या काळ्या माशीत तो साधारण १.७ येतो, कार्निओलन माशीत २.७ च्या आसपास आणि इटालियन माशी या दोघींच्या मध्ये. अर्थात एका माशीवरून काही ठरत नाही, एका पेटीतल्या पुष्कळ माश्यांची सरासरी काढायची.

भागाकारच का? अळी असताना खायला कमी मिळालं तर माशी आकाराने लहान होते, पण गुणोत्तर फारसं हलत नाही. (युनिटच उडालं, आमच्या धंद्यातल्या माणसाला आणखी काय हवं!)

ब्रिटनमध्ये या भागाकाराला एका वादात साक्षीला उभं राहावं लागलं. १९०४ च्या सुमारास आइल ऑफ वाइट बेटावरून माश्यांच्या रोगाची साथ पसरली. डेव्हनमधल्या बकफास्ट मठात ४६ पैकी ३० वसाहती गेल्या. ज्या वाचल्या, त्या इटालियन राण्यांच्या वंशातल्या. तिथले ब्रदर अ‍ॅडम मग जन्मभर सांगत राहिले, की ब्रिटनची मूळ काळी माशी संपली. ब्योवुल्फ कूपर यांना हे पटेना. १९६४ मध्ये त्यांनी सोबत्यांसह स्थानिक माशीसाठी संस्था काढली. हौशी मधपाळ पंख स्लाइडवर लावून मोजू लागले आणि ठिकठिकाणी काळ्या माशीचेच आकडे येऊ लागले!

इथवर छान. गोची पुढे आहे.

राणीमाशी उडता उडता दहा-पंधरा नरांशी मीलन करते, त्यामुळे बाप कोण हे मधपाळाला कळत नाही. मग पैदासकार पंखालाच विचारायचे. आकडा बरोबर आला तर राणी ठेवायची, नाहीतर बदलायची. जर्मनीत कार्निओलन माशीबाबत हेच चालत असे. पण पंखाचा आकार पक्का आनुवंशिक असतो. फक्त त्यावरूनच निवड केली तर काही पिढ्यांत पंख 'शुद्ध' होतात आणि बाकीची माशी संकरितच राहते. रॉबिन मॉरिट्झ यांनी १९९१ मध्ये नेमका हाच इशारा दिला. टेस्ट पास होण्यापुरता लिहिलेला कोड आठवतोय ना, तसंच.

पुढे डीएनए आला. २००५ च्या एका अभ्यासात उत्तर-पश्चिम युरोपातल्या संरक्षित काळ्या माश्यांत इटालियन रक्त कुठे कमी, कुठे जास्त निघालं. २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये बऱ्यापैकी शुद्ध काळी माशी सापडली. म्हणजे संपली नव्हतीच! माझ्या मते मूळ मुद्द्यावर कूपर बरोबर होते. कोणी निवड न केलेल्या माश्यांची पाहणी करायला पंख आजही उत्तम. स्कॅनर आहे, शिरांच्या जोडांवरचे १९ बिंदू टिपणारं सॉफ्टवेअर आहे. पण जिथे पंख बघून राण्या निवडल्या गेल्या, त्या पेट्यांबद्दल विचारायचं असेल तर मात्र डीएनएच गाठावा लागतो.